अळूच्या पानाचं चांदीचं ताट: एका मागणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातली एक लहान कार्यशाळा. भागीदार दोन. एक डिझायनर, वय पस्तिशीतलं, वस्तुरचनेचं शिक्षण घेऊन काही वर्षं दागिन्यांच्या क्षेत्रात काढलेली. दुसरे कारागीर, पन्नाशी ओलांडलेले, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या, चांदीकामासाठी प्रसिद्ध हुपरीकडचे. हुपरी म्हटलं की लोकांना पैंजण आठवतात. यांचा हात मात्र देवळांच्या कामावर बसलेला: प्रभावळ, मखर, पालखीवर चढवायचे पत्रे. कार्यशाळेत सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हणू. काका डिझायनरला ताई म्हणतात. हाताखाली दोन पोरं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हिशेब, धातू आणि चुका जशाच्या तशा आहेत.

२०२५ च्या जुलैत एक कुटुंब त्यांच्याकडे आलं. मूळ रत्नागिरीकडचं, आता पुण्यात स्थायिक, घरचा कारखाना. डिसेंबरात आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. त्या दिवशी आजींसकट घरच्या बारा माणसांनी चांदीच्या ताटात जेवायचं आणि पुढे ती ताटं सणावाराला वापरात ठेवायची, असा बेत. बोलणी करायला आलेल्या सूनबाईंची अट एकच होती: "कमळ नको, मोर नको, वेलबुट्टी नको. आजींच्या परसातलं काहीतरी करा." परसात काय होतं, तर अळू, केळी, फणस, पोफळी. त्यातून ठरलं ते असं: बारा ताटं अळूच्या पानाची, चोवीस वाट्या केळफुलाच्या पाकळीच्या.

चांदीत पानं-फुलं आणणं ही काही नवी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकात भुजच्या उमरसी मावजी यांच्या कच्छी कामात दाट वेली पसरलेल्या दिसतात, काश्मिरी भांड्यांवर चिनारची पानं दिसतात. पण तिथे भांडं भांड्याच्या आकाराचं राहतं आणि निसर्ग त्याच्या अंगावर चढतो. वस्तूचा आकारच फूल किंवा पान व्हावा, ही दिशा युरोपात जास्त दिसते. १९०४ मध्ये कोपनहेगनला कार्यशाळा काढणाऱ्या जॉर्ज जेन्सनच्या चहादाणीवर कळी झाकणाची मूठ होऊन बसते. १९१९ पासून मिलानमध्ये असलेल्या बुचेल्लाटी घराण्याची चांदीची पानं तर हुबेहूब पानंच असतात, शिरांसकट. सूनबाईंच्या फोनमध्ये असल्याच पानांचे फोटो होते. ती पानं मेजावर मिठाई, सुकामेवा ठेवायला उत्तम. वरणभात कालवायला कुणी केलेली नाहीत. या मागणीतली पुढची निम्मी डोकेदुखी या एका फरकातून आली.

उरलेली निम्मी आपल्या खरेदीच्या सवयीतून. आपल्याकडे चांदीचं भांडं वजनावर विकत घेतात. वजन किती, टंच (शुद्धता) किती, मजुरी किती, आणि उद्या मोडायला आणलं तर घट किती धरणार, हे चार प्रश्न गिऱ्हाईक उभ्या उभ्या विचारतं. डिझायनरला यातून बाहेर पडायचं होतं. चित्राची किंमत रंगाच्या वजनावर ठरत नाही, मग आपल्या ताटाची का ठरावी, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने दर नगावर दिला: ताट ८० हजार, वाटी १८ हजार, वर ३ टक्के जीएसटी. एकूण १३ लाख ९२ हजार अधिक कर, चाळीस टक्के आगाऊ. कागदावर वजन लिहिलंच नाही. तिच्या वहीत मात्र होतं: ताट साधारण ४५० ग्रॅम, वाटी ९० ग्रॅम, सगळी मिळून साडेसात किलोंच्या वर. चांदी त्या वेळी किलोला १ लाख १० हजारांच्या आसपास होती.

अडचण

पहिलं नमुन्याचं ताट ऑगस्टच्या शेवटी तयार झालं. ०.९ मिलिमीटरचा पत्रा, ९२५ ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि बाकी तांबं. लांबी तीस सेंटिमीटर. शिरा वरून बारीक कलमाने (पत्र्यावर ठोकायच्या छिन्नीने) रेखलेल्या, त्यांत गंधकाच्या द्रावणाने काळसर छटा दिलेली. दिसायला देखणं. फोटो काढले, सूनबाईंना पाठवले, त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी हात जोडले.

मग काकांच्या बायकोने सुचवलं की यात एकदा जेवून तरी बघा. कार्यशाळेतच डबे उघडले गेले. या एका जेवणात चार गोष्टी उघड झाल्या.

भात, वरण, दोन भरलेल्या वाट्या असं वजन पडल्यावर ताट एका कडेने उचललं तर मधे वाकत होतं. हात काढला की परत सरळ व्हायचं, पण उचलणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं.

दुसरी गोष्ट कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. अळूच्या पानाला मधली शीर असते, ती वरच्या बाजूने पन्हळीसारखी खोल जाते आणि थेट टोकापर्यंत पोहोचते. पावसाचं पाणी वाहून जायला ही रचना झकास. पातळ वरणालाही ती तितकीच मानवली. भातावरून ओघळलेलं वरण मधल्या शिरेत उतरलं, शिरेतून टोकाशी आलं आणि टोकावरून जेवणाऱ्या पोराच्या मांडीवर.

तिसरी, बारीक रेघांत अडकलेलं अन्न. कलमाची रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी तळाशी टोकदार होती. आमटीतली मोहरी आणि खोबऱ्याचा चव त्यात जाऊन बसला. ब्रशने घासलं तेव्हा निघाला, पण सोबत शिरांमधला काळा रंगही जागोजागी निघाला. तो रंग म्हणजे चांदीवर मुद्दाम आणलेला सल्फाइडचा थर. रोजच्या घासण्यात तो टिकणार नाही, आणि मुळात जेवणाच्या बाजूवर तो हवाच कशाला, हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

चौथी, मीठ. पानाच्या डाव्या अंगाला मीठ आणि लिंबाची फोड वाढली होती. जेवणानंतर ताट तासभर तसंच पडलं. धुतल्यावर मिठाच्या जागी करडा डाग, हाताला किंचित खरखरीत लागणारा. ओलसर मीठ चांदी खातं, हे सोनारकाम करणाऱ्याला माहीत असतंच. इंग्रजांच्या घरांतल्या चांदीच्या मीठदाण्यांना आतून सोन्याचा मुलामा द्यायचे तो याचसाठी.

हे सगळं चालू असताना बाजारात दुसरंच नाटक रंगत होतं. चांदी ऑगस्टपासून चढायला लागली, सप्टेंबरात धावायला लागली, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर, किलोला १ लाख ६० हजारांच्या पुढे गेली. डिझायनरने आगाऊ रकमेतून चांदी घेतली होती ती साधारण तीन किलो. बाकी चार किलो शुद्ध चांदी घ्यायची राहिली होती. ती का राहिली, याचं उत्तर सरळ आहे. पत्र्याची जाडी पक्की झाली नव्हती, कारागिरांचा पगार आणि जागेचं भाडं त्याच पैशातून जात होतं, आणि भेटेल तो सांगत होता की भाव खाली येणार. १ लाख ६५ हजारांचा भाव धरला तर चार किलोंवर २ लाख २० हजारांचा खड्डा. संपूर्ण मागणीत जुलैच्या भावाने चांदी वजा जाता हाती उरणार होते सव्वासहा लाखांच्या आत-बाहेर, आणि त्यातून चार माणसांची पाच महिन्यांची मजुरी भागवायची होती.

पर्याय

वाकणाऱ्या ताटावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच: पत्रा जाड करा. सपाट पत्र्याची जाडी दुप्पट केली की वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो, त्यामुळे ०.९ वरून १.२ वर गेलं तरी ताट दुपटीहून ताठ झालं असतं. पण एका ताटाचं वजन ६०० ग्रॅमच्या वर जात होतं. बारा ताटांत दोन किलो चांदी जास्त, आणि तीही चढत्या भावाने. शिवाय ऐंशी वर्षांच्या आजींना रिकामं ताटच जड झालं असतं.

दुसरा पर्याय होता डाय करून घेण्याचा. पोलादाचा ठसा कोरायचा आणि पत्रे दाबून घ्यायचे. बारा नगांसाठी ठशाचा खर्च परवडत नाही, शिवाय बाराही पानं एकसारखी. परसातली दोन पानं कधी एकसारखी असतात का? मेणाचं पान करून ओतकाम करणं हा तिसरा पर्याय. शिरा छान उठतात, पण इतक्या मोठ्या आकारात ओतीव पत्रा पातळ ठेवता येत नाही, वजन पुन्हा वाढतं. तांब्याचं ताट करून त्यावर चांदीचा मुलामा द्यावा, असं कुटुंबातल्याच एका व्यवहारी माणसाने सुचवलं. सूनबाईंनी ते तिथेच मोडून काढलं.

टंचावरून दोन्ही भागीदारांत खरीखुरी खडाजंगी झाली. काकांचा आग्रह ९९० चा. देवाचं काम त्यांनी कायम त्याच चांदीत केलेलं. ती हातोडीखाली लोण्यासारखी चालते, आणि तापवली की डाग पडत नाहीत. ९२५ मध्ये तांबं असल्यामुळे दर तापवणीला पृष्ठभागाखाली तांब्याचा ऑक्साइड तयार होतो आणि पॉलिश केल्यावर करडे-जांभळट ढग दिसायला लागतात. काकांना या ढगांचा मनस्वी राग. डिझायनरचं म्हणणं, ९९० चं ताट दोन दिवाळ्यांत पोचे पडून बेढब होईल. मखराला कुणी धूत नाही की रचून ठेवत नाही. ताटं ९२५ आणि वाट्या ९९० असा मधला मार्गही निघाला होता. मग एकाच संचात दोन टंच, हॉलमार्कचे दोन शिक्के, आणि उद्या मोडताना कोणतं काय याचा घोळ. ९२५ च कायम राहिली. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता, पण ढगांचं काय करायचं ते आधी ठरवून मग घ्यायला हवा होता.

आणि भावाचा प्रश्न. इथे चार वाटा होत्या. मुकाट्याने तोटा सोसायचा. कुटुंबाकडे जाऊन वाढीव पैसे मागायचे. मागणी कमी करून घ्यायची. चौथी वाट कुणी मोठ्याने बोललं नाही, पण ती टेबलावर होती: पत्रा गुपचूप पातळ करायचा. कागदावर वजन लिहिलेलं नव्हतं. हॉलमार्क शुद्धतेची हमी देतो, आपण ठरवलेल्या जाडीची नाही. ताट ३५० ग्रॅमचं झालं असतं तरी कागदोपत्री कुणाचं काही चुकलं नसतं. नगावर दर देण्याची जी पद्धत कलेच्या सन्मानासाठी घेतली होती, तीच लबाडीला दार उघडं ठेवत होती.

काय केलं

ताठपणाचा तिढा काकांनी सोडवला. त्यांनी मंडईतून अळूची जुडी आणली, एक पान उलटं करून ताईंच्या पुढ्यात धरलं. अळूच्या शिरा पाठीमागे दोरीसारख्या उठून दिसतात.

"ताई, हे पान एवढं मोठं. कागदाएवढं पातळ. तरी उभं राहतंय कशावर?"

"शिरांवर."

"मग आपण शिरा नुसत्या काढल्यात. उचलल्या कुठे?"

मखराचा पत्रा तसा पातळच असतो, उठावाच्या कामाने तो ताठ होतो. काकांनी आयुष्यभर हेच केलेलं. फक्त ताटाला तो नियम लावायचं सुचलं नव्हतं. पत्रा ०.८ वर आणला. तो राळेवर बसवला (राळ, विटेची भुकटी आणि थोडं तेल, हे काकांचं जुनं मिश्रण) आणि मधली शीर, तिला फुटणाऱ्या मोठ्या शिरा बोथट कलमांनी वरून खोल दाबल्या, म्हणजे पाठीला त्या कण्यासारख्या उठल्या. बारीक शिरांचं जाळं जवळजवळ सगळं काढून टाकलं. चांदी ठोकून ताठली की राळेवरून काढायची, अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल होईपर्यंत तापवायची, पुन्हा राळेवर. उजेडात तापवली तर लाली दिसत नाही आणि चांदी जास्त तापते, म्हणून कोपरा अंधाराच हवा. शेवटी पानाची कड बाहेरून आत गोल वळवून घेतली. पातळ पत्र्याच्या ताटाला खरी ताकद या वळलेल्या कडेनेच येते. घरातल्या स्टीलच्या ताटाची कड चाचपून पाहिली तरी हे कळेल. नवं ताट देठासकट भरलं ४५० ग्रॅमच्या आसपास, आणि भरल्या वाट्यांसकट एका हाताने उचललं तरी हललं नाही.

वरणाचा ओघळ थांबवायला दोन बदल केले. मधली शीर टोकाच्या थोडी अलीकडेच उथळ करत संपवली, आणि टोक जरासं वर उचललं. खऱ्या पानाशी ही प्रतारणा आहे, असं डिझायनरला वाटत होतं. पण पानाचं काम पाणी घालवणं आहे आणि ताटाचं वरण धरून ठेवणं; कुठेतरी पानाला माघार घ्यावीच लागते. शिरांचा तळ गोलसर केला, म्हणजे बोट फिरवलं की स्वच्छ. काळा रंग जेवणाच्या बाजूने पूर्ण रद्द. पाठीला मात्र ठेवला, तिथे तो शोभतोही.

देठाची गोष्ट मला या कामातली सगळ्यात सुंदर वाटते. अळूचा देठ पानाच्या खाचेत जोडलेला नसतो, जरा आत, पाठीला असतो. डिझायनरने त्याचाच पाय केला. देठ पाठीवरून निघून टोकाच्या दिशेने वळतो आणि मधल्या शिरेखाली जमिनीला टेकतो; मागे पानाचे दोन कान किंचित खाली वाकवलेले. तीन बिंदूंवर टेकलेली वस्तू डुगडुगत नाही, मग मेज कितीही उंचसखल असो. देठ जोडायला वापरलेल्या डाकात (वितळवून सांधा भरायच्या धातूत) कॅडमियम नको, हे डिझायनरने लेखी बजावलं. कॅडमियमचं डाक पटकन वितळतं म्हणून अजूनही काही ठिकाणी चालतं. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसाला घातक, आणि जेवणाच्या भांड्याजवळ तर त्याचं नावही नको.

ढगांवर उपाय शोधायला जास्त वेळ लागला. तापवण्याआधी दोन्ही अंगांना बोरिक पावडरीचा लेप दिल्याने ते कमी झाले, पण गेले नाहीत. घासून काढायचे तर शिरांची धार जाते. शेवटी आरशासारखं पॉलिश सोडूनच दिलं. ताट हलकं तापवायचं, सौम्य गंधकाम्लात बुडवायचं, रिठ्याच्या पाण्याने ब्रशने घासायचं, हे पुन्हा पुन्हा केलं की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि शुद्ध चांदीची दुधाळ पांढरी साय वर येते. चमक नाही, पण अळूच्या पानावर जी मेणचट मंद झाक असते तिच्या हे फार जवळ गेलं. याचा एक आडपरिणाम ध्यानात ठेवण्याजोगा: अशा सायीवर यंत्राने टंच तपासला तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून हॉलमार्किंगला माल साय आणण्याआधीच पाठवला. चांदीला तेव्हा हॉलमार्क सक्तीचा नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यासाठीही सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांकाची सोय झाली, तीही ऐच्छिकच. तरी यांनी प्रत्येक नगावर घेतला.

मधेच कुटुंबातून एक हौशी सूचना आली: अळवावरचं पाणी म्हणतात ना, तसे चांदीचे दोन-तीन थेंब पानावर डाक लावून बसवा. काकांनी एक थेंब बसवून दाखवला. त्याच्या बुडाशी भाताचं शीत अडकलेलं पाहून सूचना मागे घेतली गेली.

मिठासाठी सुपारीएवढी वेगळी वाटी केली, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. केळफुलाच्या वाट्या तुलनेने बिनबोभाट झाल्या. फक्त गरम सारानं भरलेली वाटी हातात धरवेना, कारण चांदीइतकी उष्णता वाहणारा दुसरा धातू नाही. पाकळीची कड बाहेर वळवून तिथे धरायला ओठ काढला. त्याने थोडंच भागलं.

राहिला भाव. ऑक्टोबरात डिझायनर कुटुंबाकडे गेली. सोबत दोन रकान्यांचा कागद नेला: एकात चांदी ग्रॅमवारीने, दुसऱ्यात मजुरी. पहिल्यांदाच तिने वजन दाखवलं. घरातल्या मोठ्या मुलाचा प्रश्न अपेक्षितच होता: "आगाऊ दिले तेव्हाच चांदी का नाही उचलली?" तिच्याकडे जी कारणं होती ती तिने सांगितली. त्याला ती पटली नाहीत, पण कारखानदार असल्यामुळे कच्च्या मालाचं दुखणं कळत होतं.

कोंडी फोडली आजींनी. कपाटात जुनी चांदी पडली आहे, ती आटवा, म्हणाल्या. पोचे पडलेले तांबे, फुलपात्रं, फुटक्या निरांजनी, बिनजोडीच्या वाट्या. तीन किलोंच्या वर भरली. यात दोन पेच होते. एक, जुन्या चांदीचा टंच भरवशाचा नसतो. तपासल्यावर कुठे सत्तर, कुठे पंच्याऐंशी निघाला. ती तशीच मुशीत टाकली असती तर जुन्या डाकासकट सगळं नव्या ताटात आलं असतं. म्हणून शुद्ध करून घेतली, हाती अडीच किलो शुद्ध चांदी आली. दुसरा पेच असा की त्या ढिगात कैरीच्या नक्षीची एक गुलाबदाणी आणि तिच्याच जोडीची अत्तरदाणी होती. काकांनी ती दोन्ही बाजूला काढली आणि आटवायला साफ नकार दिला. आजींना त्याचं नवल वाटलं, पण त्यांनी ती परत ठेवली.

जुनी चांदी कोणत्या भावाने धरायची, यावर पुन्हा घासाघीस. जुलैच्या भावाने धरली तर कुटुंबाचं नुकसान, आजच्या भावाने धरली तर कार्यशाळेचं. अखेर चारही किलोंवरचा वाढीव भाव निम्मा-निम्मा वाटून घ्यायचं ठरलं. कार्यशाळेचा खड्डा २ लाख २० हजारांवरून १ लाख १० हजारांवर आला. गिऱ्हाइकाची चांदी घेऊन काम केल्याने बिलाची पद्धतही बदलते, ते कर सल्लागाराला विचारून निस्तरलं.

निकाल

कार्यक्रमाला बारा ताटं आणि अठरा वाट्या पोहोचल्या. सहा वाट्या नंतर गेल्या. त्या दिवशी वाट्या कमी पडल्याचं पाहुण्यांना कळलं नाही, सूनबाईंना कळलं. ताटांबद्दल तक्रार नाही. आजींनी ताट उलटं करून पाठीच्या शिरांवरून हात फिरवला आणि देठ बरोबर जागी आहे असा शेरा दिला.

पहिल्या महिन्यात दोन ताटं परत आली. एकावर तारेच्या घासणीचे ओरखडे होते. दुसऱ्याच्या पाठीवर काळी सरळ रेघ. मलमलीत गुंडाळून वर रबरबँड लावला होता, आणि रबरातलं गंधक कापडातूनही चांदीला भिडलं. दोन्ही विनामूल्य नीट करून दिली. काळ्या पडलेल्या जेवणाच्या बाजूसाठी घरी करता येण्याजोगी कृती लिहून दिली: पातेल्याच्या तळाशी अॅल्युमिनियमची फॉइल, वर कडकडीत पाणी आणि खाण्याचा सोडा, ताट फॉइलला टेकलेलं. काळेपणा चांदी न खरवडता उतरतो. पाठीला मुद्दाम दिलेला काळा रंगही त्यात उतरेल, ही सूचना दुसऱ्या चिठ्ठीत पाठवावी लागली.

पैशाच्या बाजूने मागणी जेमतेम तरली. मजुरी भागली, भाडं भागलं, डिझायनरच्या स्वतःच्या वाट्याला जवळपास काही आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चांदी आगाऊ मिळाली त्याच दिवशी घ्यायला हवी होती, जाडी ठरलेली असो वा नसो. पत्रा पुढे लाटता येतो. भाव मागे नेता येत नाही. वायदे बाजारात किलोचाही सौदा होतो आणि कुणी तो सल्ला दिलाही होता, पण रोजचं मार्जिन (भाव हलेल तशी भरावी लागणारी अनामत) सांभाळणं हे चार माणसांच्या कार्यशाळेचं काम नव्हे. धातू तिजोरीत असलेला बरा. त्यासाठी आगाऊ रक्कम चाळीस टक्के पुरत नाही. किमान पूर्ण चांदीचे पैसे आधी, मजुरी टप्प्याटप्प्याने, अशी विभागणी हवी होती.

नगावर दर देण्याची कल्पना मला अजूनही चांगली वाटते, पण वजन लपवण्याची गरज नव्हती. काका-ताईंनी गुपचूप वजन कमी केलं नाही, हा त्यांचा सचोटीपणा. कागदाने तो त्यांच्यावर सोडायला नको होता. नव्या दरपत्रकात आता नगाची किंमत आहे आणि खाली किमान वजनही.

नमुना फोटोसाठी केला, जेवणासाठी नाही, हे दुसरं. पितळेच्या किंवा तांब्याच्या पत्र्यात आकार करून त्यावर पाणी ओतलं असतं तरी वरणाचा ओघळ जुलैतच कळला असता, आणि ते फार तर दोन-तीन हजारांत भागलं असतं. तिसरं, काकांना तपशील आयता दिला गेला. आकार ताईंनी संगणकावर काढला, काकांनी तो चांदीत उतरवला. जुडी मंडईतून आली ती नमुना फसल्यावर. मखरकाम करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी चित्राऐवजी पानच दिलं असतं, तर कदाचित ०.९ चा पत्रा कापलाच गेला नसता.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोठ्या मुलाने शेवटच्या हप्त्याच्या वेळी विचारलं की उद्या ही ताटं परत द्यायची झाली तर काय भावाने घ्याल. डिझायनरने त्या दिवशीचा चांदीचा भाव, ९२५ च्या हिशेबाने, असं उत्तर दिलं. मजुरी शून्य. ते ऐकून तो गप्प राहिला, पण मग नगावर दर देताना जी भूमिका होती ती इथे कुठे गेली, हा काकांचा प्रश्न तिला झोंबला. स्वतःचं काम मजुरीसकट परत घेण्याइतकं भांडवल तिच्याकडे नाही.

याच कुटुंबाच्या कोल्हापूरच्या नातेवाइकांनी फणसाच्या पानाच्या सहा तबकांची चौकशी केली आहे. डिसेंबरात चांदी किलोला दोन लाखांच्या पुढे गेली, तेव्हा नवं दरपत्रक त्यांना गेलं: चांदीचा भाव चोवीस तासांपुरता, मजुरी सहा महिने कायम. उत्तर आलेलं नाही.